सर्व सभासदांस कळविण्यात येते की

एकतीस वर्षं तालुक्याच्या एका कार्यालयात टेबल सांभाळलं. तेवढ्या काळात 'कळविण्यात येते की' हे तीन शब्द किती वेळा लिहिले, त्याचा हिशेब आता चित्रगुप्ताकडेच मिळेल. या तीन शब्दांची खुबी अशी की त्यांत कळवणारा कोणीच नसतो. 'मी कळवतो' म्हटलं की मी अडकतो. 'साहेब कळवतात' म्हटलं की साहेब अडकतात. 'कळविण्यात येते' म्हटलं की ते आपलं आपण येतं, ताम्हिणीकडून पाऊस येतो तसं. आणि पावसाला कोणी विचारायला जात नाही की बाबा, तू कोणाच्या सहीनं आलास.

निवृत्तीनंतर पौडलाच राहिलो. पुण्याच्या पाहुण्यांना पौड म्हटलं की पौड फाटा आठवतो आणि ते नळ स्टॉपला येऊन फोन करतात. त्यांना दरवेळी सांगावं लागतं की ज्या गावाचं नाव तुमच्या रस्त्याला दिलंय ते गाव त्या रस्त्यानं आणखी पंचवीस-तीस किलोमीटर पुढं आहे, तिथं तहसील कचेरी आहे, पोलीस ठाणं आहे आणि माणसंही राहतात.

आमची वसाहत चार इमारतींची, तीन-तीन मजल्यांची, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची. कागदोपत्री ती 'अल्प उत्पन्न गटासाठी' बांधलेली. पुढं काहींचं उत्पन्न वाढलं, काहींचं घटलं, गट मात्र तोच राहिला. मला लिहायची सवय आहे एवढ्या एका गुणावर सभेनं मला सेक्रेटरी केलं. बाकीच्यांनी हात वर केले ते मत द्यायला की नकार द्यायला, हे इतिवृत्तात स्पष्ट नाही.

गेल्या वर्षी सभेत वीजबिलाचा विषय निघाला. जिन्यात सोळा जुन्या ट्यूब. चाळीस वॅटच्या म्हणतात, पण चोकसकट पन्नासच्या घरात जातात. संध्याकाळी सहाला लावायच्या, सकाळी सहाला ज्याला आठवेल त्यानं बंद करायच्या. मी कागदाच्या पाठीमागं आकडेमोड केली: दिवसाला साडेनऊ युनिट, महिन्याला दोनशे नव्वदच्या आसपास. आणि मध्यरात्रीनंतरचा तो सगळा उजेड फक्त पालींच्या सोयीसाठी. पंपही जुना, तापला की रडणारा. वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये पंखा गरम हवा वाटतो तो वेगळाच. तेव्हा ठरलं की जिन्यात सेन्सरचे एलईडी दिवे, नवा पंप, गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग आणि गच्चीवर पाच किलोवॅटची सौर यंत्रणा. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे अठरा हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे नव्वद हजार सुटत होते. ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमत म्हणजे हजर असलेल्या चौदा जणांचं.

मी सूचना लिहायला घेतली आणि खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी हाताला बरं वाटलं. 'विषय: ऊर्जा कार्यक्षमता सुधारणा कामांबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सर्वसाधारण सभेच्या ठरावान्वये इमारत क्रमांक दोनच्या गच्चीवर सौर प्रणाली बसविणेचे योजिले असून, गच्चीवरील खाजगी साहित्य सात दिवसांचे आत हटविण्यात यावे. अन्यथा होणाऱ्या नुकसानीस सोसायटी जबाबदार राहणार नाही. याची नोंद घ्यावी.' वाचून पाहिली. एकही शब्द इकडचा तिकडं करायला जागा नव्हती. एकही माणूस त्यात नव्हता.

आमच्या सूचना फलकाला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली दोन सेक्रेटरींपूर्वीच्या सेक्रेटरींबरोबर बारामतीला गेलेली आहे. आत 2011 सालची एक सूचना आहे: रविवारी टाकी धुतली जाईल, पाणी भरून ठेवावे. नवीन भाडेकरू ती वाचून अजूनही अधूनमधून बादल्या भरतात. म्हणून नवी सूचना काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं लावायची. ती कोणी वाचत नाही, कारण तिथं काय लिहिलंय ते सगळ्यांना चौदा वर्षं माहीत आहे. शिवाय मोबाइलच्या ग्रुपवरही टाकली, पीडीएफ करून. अकरा अंगठे आले. मी समाधानानं झोपलो. ते अंगठे सूचनेच्या वर कोणाच्या तरी नातवाच्या केकचा फोटो होता त्याचे, हे नंतर कळलं.

दुसऱ्या मजल्यावरचे तात्या एसटीत कंडक्टर होते. त्यांचं म्हणणं, सूचना म्हणजे डबल बेल. ड्रायव्हरला ऐकू गेली तर ती बेल, नाहीतर नुसती दोरी ओढली. मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आठव्या दिवशी सकाळी कंत्राटदाराची पोरं लोखंडी अँगल खांद्यावर घेऊन गच्चीवर गेली आणि पाच मिनिटांत खाली आली. "भाऊसाहेब, तुम्ही वर चला."

वर गेलो. चैत्र अर्धा सरला होता. गच्चीच्या मधोमध तीन जुनी नऊवारी लुगडी अंथरलेली आणि त्यांवर कुरडया. शंभर-सव्वाशे तरी असतील. सकाळीच घातलेल्या, अजून ओल्या, पांढऱ्याशुभ्र, एकेकीची जाळी अशी की रांगोळीवाल्यांनी शिकायला यावं. पलीकडं ताटात सांडगे, कडेला बटाट्याचा कीस. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाटावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बसलेल्या, हातात कावळे हाकायची काठी. काठीचं टोक त्या क्षणी कावळ्यांकडं नव्हतं.

"आजी, हे उचलायला लागेल हो," एक पोरगा चाचरत म्हणाला.

"ओली कुरडई उचलून दाखव. एक उचल. मग मी सगळ्या उचलते."

तो गप्प. ज्यांनी कुरडई केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: गहू तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, मग हात भरून येईपर्यंत ढवळत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. ऊन खाऊन ती आपण होऊन कापड सोडते. त्याआधी हात लावला तर हातात चीक आणि कापडावर पश्चात्ताप.

मी पुढं झालो. "आजी, नोटीस लावली होती ना. सात दिवस झाले."

"लावली असेल."

"त्यात स्पष्ट लिहिलं होतं."

"लिहिलं असेल हो भाऊसाहेब. सांगितलं कुठं?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हणजे लोकांनी विचारला असेलही, खिडकीच्या पलीकडून. पण आमच्याकडं अशा गोष्टींवर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारायची सोय होती. गच्चीवर दप्तर नव्हतं.

तेवढ्यात कंत्राटदाराचा इंजिनिअर वर आला. पंचविशीतला, सभ्य मुलगा. त्यानं नकाशा उघडून पॅनेल कुठं बसणार ते दाखवलं: टाकीच्या लगेच उत्तरेला, म्हणजे वायर कमी लागेल. दहा पॅनेल, पाचेकशे चौरस फूट जागा. आजी उठून आल्या. नकाशाकडं त्यांनी पाहिलं नाही, जमिनीकडं पाहिलं.

"इथं? इथं मार्गशीर्षात ऊन कुठं असतं बाळा? टाकीची सावली पार इथवर येते." त्यांनी काठीनं रेघ ओढली, टाकीपासून नऊ-दहा फुटांवर. "सकाळी तर आणखी लांब. दिवाळीनंतर या कोपऱ्यात मिरची वाळत नाही, शेवाळ असतं ते पौषापर्यंत हलत नाही. तुझ्या तक्त्यांना ऊन लागत असेल ना?"

मुलानं फोन काढला, काहीतरी बोटं फिरवली आणि त्याचा चेहरा पडला. पाहणीला तो आला होता एप्रिलमध्ये, भर दुपारी. तेव्हा सूर्य डोक्यावर, टाकीची सावली टाकीच्या बुडाशी गुंडाळलेली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला उतरतो, हे त्याला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण या गच्चीवर तो नेमका किती उतरतो हे वीस वर्षांच्या मिरच्यांनी पाहिलेलं होतं. आणि पॅनेलांचं म्हणे असं असतं की ओळीतल्या एकावर सावली पडली की अख्ख्या ओळीची वीज घसरते, भजनात एकानं ताल सोडावा तशी.

"मग कुठं बसवू आजी?" त्यानं विचारलं. त्याच्याबद्दल मला तिथंच आदर वाटला.

"टाकीच्या त्या अंगाला, दक्षिणेच्या कठड्याशी. तिथं बारमास ऊन."

"पण मग पॅनेलची सावली तुमच्या वाळवणावर येईल."

"वाळवण कधी असतं? चैत्र-वैशाखात. तेव्हा माझी सावली माझ्याच पायाखाली असते, तुझ्या तक्त्याची कुठं लांब पळणार?"

आमच्या अक्षांशावर मेच्या तेरा-चौदा तारखेला दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. वर्तमानपत्रवाले त्याला शून्य सावली दिवस म्हणून फोटो छापतात, शाळेतली मुलं अंगणात बाटली उभी करून पाहतात. आजी त्याला कुरडईचे दिवस म्हणतात. कुरडया वाळायला तीन दिवस लागले. काम तीन दिवस थांबलं. वायर पंधरा फूट जास्त लागली.

त्या तीन दिवसांत मला लहानपणची दवंडी आठवत राहिली. कोतवाल हलगी वाजवत यायचा, 'ऐका हो ऐका' म्हणायचा. आम्हा पोरांना तेवढंच आठवतं. पण खरी गंमत पुढं असायची. तो ओरडून झाला की लोक त्याला अडवायचे. शेतसाऱ्याची मुदत म्हणजे नेमकी कधी? बाजाराच्या आधी की नंतर? आमच्या खालच्या वाडीलाही का? त्याला सगळंच ठाऊक असायचं असं नाही, पण तो चहा घ्यायचा, डोकं खाजवायचा, आणि 'विचारून सांगतो' म्हणून लोकांचे प्रश्न कचेरीत घेऊन जायचा. हलगी एका बाजूनं वाजायची, गोष्ट दोन्ही बाजूंनी चालायची. कागदाला कोणी चहा विचारत नाही, ही कागदाची मोठी अडचण आहे.

आमच्या मुळशी तालुक्याला तर वीज आणि पूर्वसूचना यांचं जुनं वैर माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून टाटांनी मुळा नदीवर धरण योजलं. पन्नासावर गावांवर पाणी येणार होतं. इथल्या शेतकऱ्यांना ते कळलं कसं? शेतात परवानगीशिवाय चाचणीचे चर खणलेले दिसले तेव्हा. हरकत घेणाऱ्या एका शेतकऱ्यावर गोऱ्या इंजिनिअरनं पिस्तूल रोखलं होतं. पुढं 1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, सत्याग्रह उभा राहिला, 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे धरणाच्या पायात जाऊन बसले आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले. धरण तरीही झालं. पाणी सह्याद्रीवरून भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईला गेली. ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्या वस्त्यांवर दिवा लागायला मात्र पुढं कित्येक वर्षं जावी लागली. आमच्या सोळा ट्यूबची आणि त्या लढ्याची बरोबरी करायला मी काही वेडा नाही. पण गच्चीवर अँगल घेऊन गेलेली पोरं पाहिली तेव्हा शेतातले ते चर डोळ्यांपुढं आले खरे.

सरकारी घरांमधल्या माणसांचा कानांवर विश्वास असा सहज बसत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी घ्या. 1920 च्या दशकात बांधलेल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्या. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर मिळणार म्हटल्यावर लोकांनी नाचायला हवं होतं. ते म्हणाले, आधी करार करा, मग खोली सोडतो. 2017 साली भूमिपूजन झालं आणि वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या हातात पडल्या 2025 च्या ऑगस्टमध्ये. मधल्या वर्षांत किती माहितीपत्रकं वाटली गेली असतील! मला यातून एक गोष्ट दिसली. सरकार तोंडी सांगतं ते लोकांना लेखी हवं असतं, आणि सेक्रेटरी लेखी देतो ते तोंडी.

आणि एक गोष्ट वाचली ती अजून जात नाही मनातून. लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर नावाची चोवीस मजली इमारत, आपल्याकडच्या म्हाडासारखी, सरकारी घरांची. उष्णता आत टिकावी, दिसायलाही बरी दिसावी म्हणून तिला बाहेरून नवं आवरण चढवलं. काम 2016 मध्ये संपलं. रहिवासी त्याच्या आधीपासून आगीच्या धोक्याबद्दल लिहीत होते, बोलत होते. 14 जून 2017 ला मध्यरात्रीनंतर आग लागली ती त्याच आवरणावरून वर चढली. बहात्तर माणसं गेली. त्या रहिवाशांच्या तक्रारींवर कोणी कोणता शेरा मारला असेल ते मला वेगळं सांगायला नको. माझ्या हाताला त्या शेऱ्याचं वळण अजून आहे.

तर मग मी दारोदार फिरलो. अठ्ठेचाळीस दारं, चार संध्याकाळी. वीज वाचवण्याच्या कामात एवढी साखर खर्ची पडल्याचं दुसरं उदाहरण नसेल, कारण प्रत्येक दारी चहा, आणि पौडात चहाला नाही म्हणणं म्हणजे पुढच्या सभेत विरोधी मत. किलोवॅटबद्दल एकानंही विचारलं नाही. विचारलं ते असं: पंप बदलताना पाणी किती वेळ जाणार? गुरुवारी नका करू, गुरुवारी तसाही लाईटचा भरवसा नसतो. पोरीचा पेपर आहे, ड्रिल सकाळी नको. गच्ची पांढरी केल्यावर पोरांनी पतंग उडवायचे का नाही? जुन्या ट्यूबचं काय करणार, एक आमच्या गोठ्याला द्या. आणि सगळ्यात जास्त वेळा: "काही झालं तर फोन कुणाला करायचा?" माझ्या सूचनेत हे एकही उत्तर नव्हतं. 'याची नोंद घ्यावी' एवढं होतं.

स्मार्ट मीटरचंही निघालंच. पैसे संपले की रात्री लाईट तोडतात म्हणे? सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनं 2024 च्या जूनमध्ये जाहीर केलं होतं, ते मी सांगितलं. "जाहीर केलं होतं" हे ऐकून समोरच्या काकूंनी कपात आणखी चहा ओतला, दुखणाइताला देतात तसा.

सौर यंत्रणा बसली. ती छान चालते. मुळशीच्या पावसात जून ते सप्टेंबर ती साधारण माझ्याइतकंच काम करते, पण ते आजींनी आधीच सांगितलं होतं.

गडबड झाली ती जिन्यातल्या दिव्यांची. सेन्सर पायांची चाहूल लागली की दिवा लावतो आणि तीस सेकंदांनी विझवतो. तीस सेकंदांत चढणारी माणसं आमच्याकडं आहेत, पण तात्या त्यांत नाहीत. ते प्रत्येक वळणावर थांबतात, गुडघा दाबतात, एका स्टॉपचं भाडं घेतल्यासारखे दम घेतात. तेवढ्यात अंधार. मग तात्या काळोखात उभे राहून दोन्ही हात ओवाळतात, दिवा लागतो, दोन पायऱ्या होतात, पुन्हा काळोख. आठवडाभर रोज संध्याकाळी जिन्यात ही आरती चालली. कोणी मला सांगितलं नाही, तात्यांनीही नाही. त्यांना वाटलं नियमच तसा आहे. शेवटी एका रात्री मी स्वतः मध्येच अंधारात सापडलो. दिव्यापाशी एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की वेळ वाढते. तीन मिनिटं केली. एवढं सोपं होतं.

पण त्या सेन्सरची आणखी एक भानगड आहे आणि तीच मला सध्या झोपू देत नाही. तो छताला बसवलेला पांढरा, गोल, लिंबाएवढा डोळा. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावर बातमी पसरली की सेक्रेटरीनं जिन्यात कॅमेरे बसवलेत. मी तीन नंबरच्या जिन्यात गेलो आणि थबकलो. आमच्या त्या जिन्याचा पहिल्या वळणाचा कोपरा बांधल्या दिवसापासून लाल आहे. तिथं गणपतीच्या फरशा लावून पाहिल्या, फलक लावले, मी स्वतः 'थुंकू नये, अन्यथा दंड आकारण्यात येईल' असं तीनदा लिहिलं. तो कोपरा आता कोरडा होता. चपला दारांसमोर ओळीनं. वरच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, जो कठड्यावर बसून तासन्‌तास हळू आवाजात फोनवर बोलायचा, तो घरात बसून अभ्यास करतो, असं त्याची आई कौतुकानं सांगते.

सेक्रेटरी म्हणून माझं कर्तव्य स्पष्ट आहे. रहिवाशांना खरी माहिती मिळाली पाहिजे. मी दोन रात्री जागून मसुदा केला, साध्या भाषेत, कळविण्यात वगैरे न येता: 'मंडळी, जिन्यात बसवलेले कॅमेरे नाहीत, चाहूल ओळखणारे दिवे आहेत. त्यांना काही दिसत नाही. शंका असेल तर मला विचारा.' खाली सही केली. घडी करून खिशात ठेवली.

परवा गच्चीवर आजी भेटल्या. पॅनेलच्या कडेला मिरच्या पसरत होत्या. खिशातून कागद डोकावताना त्यांनी पाहिला.

"पुन्हा नोटीस?"

"त्या दिव्यांबद्दल. लोकांचा गैरसमज झालाय, ते कॅमेरे आहेत असा."

"मला माहितीये कॅमेरा नाही ते. बसवणाऱ्या पोराला विचारलं होतं मी." त्यांनी एक मिरची उलटली. "तीन नंबरच्या काकूही विचारून गेल्या मला."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, भाऊसाहेबांना विचारा. ते लिहून लावतील." आणि मिरच्यांकडं बघत म्हणाल्या, "काचेच्या आत लावा हो. बाहेर वाऱ्यानं उडतं."

बारामतीला फोन करून किल्लीची चौकशी करायची आहे. या आठवड्यात जमलेलं नाही.